टँकरनं चेपलेलं दार

"…पण चूक त्याची असताना भुर्दंड मला का, भन्ते?"

बुद्धविहाराच्या पायरीवर बसून भन्ते विनयबोधी आपलं फाटलेलं चीवर शिवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

सम्यक बोदेलेनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तो कॉलेजात फिजिक्स शिकवायचा, आणि एकदा मुद्दा मांडायला लागला की फळा भरेपर्यंत थांबायचा नाही.

"गाडी उभी होती. इंजिन बंद. हँडब्रेक ओढलेला. मी आत नव्हतोसुद्धा! टँकरवाल्यानं न बघता रिव्हर्स घेतला आणि पुढचं डावं दार चेपून टाकलं. स्वतः हात जोडून म्हणाला, साहेब, चुकी माझी. मग?"

"मग?" भन्ते म्हणाले.

"सहा वर्षं मी एकही क्लेम घेतला नाही. म्हणून विम्याच्या हप्त्यात मला निम्मी सवलत मिळते. आता या दाराचा क्लेम घेतला की सवलत शून्य. पुढचा हप्ता वाढणार. चूक कुणाची होती, हे कुणी विचारतसुद्धा नाही!"

"टँकरच्या विम्यातून घे."

"त्यासाठी कोर्टात जा, तारखा घ्या. तोवर दार गंजून जाईल."

"मग आपलं आपण दुरुस्त करून टाक."

"एजंटही तेच म्हणाला. सवलत टिकेल म्हणे. पण मी का भरू? मी केलंय काय?"

"म्हणजे क्लेम घेत नाहीस, आणि दारही दुरुस्त करत नाहीस."

"नाही." सम्यकची मान ताठ झाली. "प्रश्न तत्त्वाचा आहे."

भन्तेंनी दोरा तोडला.

"त्या सवलतीचं नाव काय?"

"नो क्लेम बोनस."

"निर्दोष बोनस नाही?"

"…नाही."

"म्हणजे तू गाडी नीट चालवलीस, याचं ते बक्षीस नव्हतंच. काही मागितलं नाहीस, म्हणून मिळत होतं."

हे सम्यकला झोंबलं. रस्ता सुरक्षेच्या भाषणात दरवर्षी तो आपली पॉलिसी मुलांसमोर धरायचा. बघा, चांगल्या ड्रायव्हरचं प्रमाणपत्र असं असतं!

"ठीक आहे," तो म्हणाला. "मग नाहीच मागत. तुम्ही तरी कुठं मागता? पात्र घेऊन दारात उभे राहता, तोंडातून शब्द काढत नाही. तुम्ही केलं तर शील, आणि मी केलं तर हट्ट?"

भन्ते मनापासून हसले.

"बोलतोस मात्र झकास."

त्यांनी पुढचा टाका घातला.

"मला कुणी वाढलं नाही," भन्ते म्हणाले, "तर मी उपाशी राहतो."

"माहीत आहे."

"तू मागत नाहीस, तेव्हा उपाशी कोण राहतं?"

सम्यक उत्तर द्यायला गेला…

पुढची डावी सीट आईची होती.

दिवाळीनंतर आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. पाय अजून पुरता वाकत नव्हता. ऑटोत तो मावायचा नाही, गाडीत मागच्या सीटवरही मावायचा नाही. पुढची सीट पार मागे सरकवली, की कसाबसा मावायचा. आठवड्यातून तीनदा ती तशी बसून फिजिओथेरपीला जायची. दार चेपून उघडेनासं झालं त्या दिवसापासून, म्हणजे तीन आठवडे, ती घरातच होती. परवाच डॉक्टरांचा फोन आला होता. असंच घरी बसवलंत तर गुडघा आखडेल, मग तो सुटायचा नाही.

सम्यकनं डॉक्टरांनाही टँकरचीच हकिकत ऐकवली होती.

"आई…" तो म्हणाला. 



सम्यकनं बॅगेतून क्लेमचा फॉर्म काढला. विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिल्याच आठवड्यात येऊन दाराचे फोटो काढून गेला होता, सही तेवढी सम्यकनं अडवून ठेवली होती. फॉर्म मांडीवर ठेवून त्यानं सही ठोकली. सहा वर्षांची सवलत एका सहीत गेली. आणि नवल म्हणजे त्याला हसू आलं. तीन आठवडे छातीशी धरलेलं काहीतरी जड ओझं कुणी अलगद काढून घ्यावं, तसं झालं. समोर वैनगंगा वाहत होती. आल्यापासून त्यानं तिच्याकडे पाहिलंही नव्हतं.

त्यानं तिथूनच घरी फोन लावला.

"आई, दार उद्याच गॅरेजला देतो. झालं की लगेच तुझा व्यायाम सुरू."

 पलीकडून आईचा आवाज आला. फोनवर ती नेहमीच नदीपलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखी बोलायची.

"बरं झालं रे बाबू! मले वाटलं, तू माह्यावरच रागावला."

"तुझ्यावर? काऊन?"

"मीच म्हटलं होतं ना तुले, गाडी मेडिकलसमोरच लाव, मले चालवत नाही म्हणून. तिथं लावली नसती तं टँकर कायले लागला असता? चूक माहीच होती. मग व्यायामाले ने, असं कोण्या तोंडानं म्हणू?"

सम्यकचा फोन धरलेला हात खाली आला. तीन आठवडे घरात रोज या दाराचा विषय निघत होता. तो बोलायचा, आणि आई खाली मान घालून ऐकायची.

तो भन्तेंकडे वळला. 

"चूक तिची नव्हती, भन्ते! तिची कशी असेल? तिची काहीसुद्धा चूक नव्हती…"

भन्तेंनी सुईत नवा दोरा ओवला.

"फोन अजून चालू आहे," ते म्हणाले.