हरणीची रंगीबेरंगी पिल्लं

फार लांबच्या एका गढीत मानाजी नावाचा राजा राहायचा, आणि त्याच्या हट्टापायी वैतागलेली हौसाई राणी राहायची.

राजाला शिकारी कुत्र्यांचा भारी शौक. लांब पायांची, बारीक कमरेची, वाऱ्यासारखी पळणारी कुत्री. त्यात हरणी नावाची कुत्री सगळ्यांत लाडकी. पांढरीशुभ्र. मग एके दिवशी हरणी व्याली. राजा धावत गेला. बघतो तर काय! एक पिल्लू काळं, एक काळ्यापांढऱ्या ठिगळांचं बांडं, एकाच्या अंगावर वाघासारखे पट्टे, आणि सगळ्यांत लहान, मुठीएवढं, ते तांबडं.

“आई पांढरी, मग ही अशी कशी?” राजा ओरडला.

“अहो, हिची आई बांडी होती, आजा तांबडा होता. भावंडं कधी एकसारखी असतात का?” राणी म्हणाली.

पण ऐकेल तो राजा कसला! त्याला सगळी पांढरीच हवी होती. मग त्याने हरणीला नुसता दूधभात घातला. काही होईना. मग पिल्लांना तांदळाच्या पिठाने माखलं. पिल्लं शिंकून शिंकून बेजार, आणि धुवायचं काम कुणाकडे? राणीकडे! तिने कपाळाला हात लावला.

मग राजा तळ्यावर गेला. तिथे साती आसरा राहायच्या. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी, बरं का. त्यांनी राजाला घागरभर पाणी दिलं. राजाने ते पिल्लांवर शिंपडलं, आणि काय चमत्कार! सगळी पांढरीशुभ्र. नुसता रंगच नाही, आकारही सारखा. एका साच्यातून काढल्यासारखी. राजा टाळ्या पिटत नाचला.

राणी मात्र मटकन खाली बसली. अगं, ते तांबडं पिल्लू अशक्त होतं ना! भावंडं त्याला आईजवळ येऊच द्यायची नाहीत. राणी त्याला कापसाच्या बोळ्याने दूध पाजायची. आता ओळखायचं कसं? पाजलेल्यालाच ती परत पाजायची. आणि त्या ढिगातून कुणाचं तरी कण्हणं यायचं, बारीक, आणखी बारीक.

“घ्या, तुमची पांढरी पिल्लं!” राणी कडाडली. “यातलं एक मरतंय आणि कुठलं ते मला कळत नाही. आता तुम्हीच ओळखा!”

राजाने एकेक उचलून पाहिलं. त्यालाही कळेना. त्याचा चेहरा उतरला. तसाच अनवाणी तळ्यावर पळाला.

“रंग परत हवेत? मग त्याच्या बदल्यात रंगच दे,” आसरा म्हणाल्या. “तुझ्या मिशांचा काळा दे.”

राजाच्या मिशा कशा, काजळासारख्या काळ्या, पीळदार. त्यांचा त्याला कोण अभिमान! पण तो वाकला, आणि मिशा पाण्यात बुडवल्या.

पांढऱ्या मिशा घेऊन घरी आला. बघतो तर काळं, बांडं, पट्टेरी, आणि सगळ्यांच्या खाली दबलेलं तांबडं! राणीने त्याला ओढून काढलं, बोळा तोंडाला लावला. घेईना. परत लावला. घेईना. तिसऱ्यांदा लावला, आणि बाई गं, चुटुचुटु ओढायला लागलं की!

राणीने डोळे पुसले. मग राजाकडे पाहिलं. “काय हे ध्यान!” म्हणाली, आणि तिला हसू फुटलं.

पुढच्या वर्षी हरणी पुन्हा व्याली. दासी सांगत आली. राजाने रंग विचारलाच नाही. “सगळी पितायत ना?” एवढंच विचारलं.

सगळी पीत होती. सगळी सुखाने वाढली. आता तुम्हीही डोळे मिटा बघू. आणि ए, त्याचं पांघरूण ओढू नकोस. झोपा.