ठेंगण्या दाराची युक्ती

कोकणातल्या एका गावचे भिकाजीपंत खोत म्हणजे ताठ मानेचा माणूस. एकदा भर पंगतीत त्यांनी आपल्या बालमित्राला, नारोपंतांना, लबाड म्हटलं. पुढे आळ खोटा निघाला, पण खोत काही माफी मागायला गेले नाहीत. अशी वर्षं लोटली.

नारोपंतांना अर्धांगवायूचा झटका आल्याचं कळलं, तेव्हा मात्र खोतांच्या घशाखाली घास उतरेना. तरी ओटीवर जमलेल्या मंडळींसमोर ते गरजलेच, "मान न वाकवता माफी मागायची युक्ती सांगा, आत्ता निघतो!"

माजघरातून धाकटी सून वेणू म्हणाली, "मामंजी, नारोकाकांचं दार फार ठेंगणं आहे. तिथं राजालाही वाकूनच शिरावं लागेल. तुम्ही वाकलात, तर लोक सुताराला नावं ठेवतील, तुम्हाला नाही."

ओटीवर हशा पिकला. खोतही हसले आणि वहाणा सरकवून तडक निघाले.

वाकून ते आत गेले. मित्राचा हात धरून म्हणाले, "नारबा, चुकलं माझं."

नारोपंतांचे ओठ थरथरले, पण शब्द फुटला नाही.

"वाचा गेली हो," त्यांची बायको म्हणाली. "झटका आला त्या सकाळीही म्हणत होते, भिकूसाठी सुपारी कातरून ठेव, आज येईल तो."

मग तिन्हीसांजेपर्यंत खोत मित्राच्या उशाशी बसून बोलत राहिले, दोघांच्याही वाटचं.