पाहुणीचा घास

इथिओपियाच्या उंच मुलखात देब्रे दमेना नावाचा डोंगर आहे. माथ्यावर संन्यासिनींचा मठ, दाराशी दगडी ओटा. पावसाळ्यात गेलात तर म्हातारे दारवान अब्बा तेस्फा तुम्हाला ओट्यावर बसवतात, आंबोळीसारखा मऊ इंजेरा पुढ्यात ठेवतात नि म्हणतात, "थांबा, एवढ्यात खायचं नाही." मग ही गोष्ट सांगतात.

फार पूर्वी, म्हणे, मरियममातेच्या पावसाळी उपासात सूर्यच दिसेनासा झाला. उपास सुटायचा तिसऱ्या प्रहरी, आणि प्रहर ठरायचा अंगणात आपली सावली पावलांनी मोजून. आता सावलीच नाही! कोणी म्हणे दुपार टळली, कोणी म्हणे अजून सकाळच आहे. सरपण ओलं, चूल नुसती धुमसतेय, वाळत घातलेले झगे वाळायचं नाव घेत नाहीत.

"माझं पोट सांगतंय, वेळ झाली," एक जण म्हणाली.

"तुझं पोट पहाटेपासून तेच सांगतंय," मठाच्या मोठ्या आई म्हणाल्या.

त्यांच्यात त्सिगे नावाची एक संन्यासिनी होती. तिचा भाऊ हाइलू मीठ आणायला वाळवंटात गेला, तो परतलाच नव्हता. 'त्याला सुखरूप आण, माते. उपासात क्षणाचीही चूक करणार नाही,' असं ती बोलून बसली होती.

तेवढ्यात दारावर थाप पडली. चिखलाने माखलेली एक बाई, कडेवर लेकरू. त्सिगेने तिला ओट्यावर बसवून वाढलं. तिकडची रीत अशी, की मायेचा पहिला घास दुसऱ्याच्या मुखी द्यायचा. बाईने तो त्सिगेपुढे धरला.

"आधी तू, ताई. त्याशिवाय माझ्या घशाखाली उतरायचा नाही."

लेकरू भुकेने कळवळत होतं. घास घ्यावा तर व्रत मोडेल, भाऊ जाईल. नको म्हणावं तर ही मायलेकरं उपाशी उठतील. वेळ झाली की नाही, सांगणार कोण? त्सिगेने डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

त्याच क्षणी, असं सांगतात, ऊन पडलं. मोठ्या आई धावत अंगणात गेल्या, सावली मोजू लागल्या. निम्मी मोजून होते न होते तोच ढग पुन्हा दाटले. कळलं काहीच नाही. त्सिगे रडत राहिली.

पाऊस सरला, डोंगर पिवळ्या फुलांनी भरला, आणि हाइलू खेचर हाकत वर आला.

त्या दिवशी वेळ खरंच झाली होती, की मातेने चूक पोटात घातली? मोठ्या आईंना उलगडलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "पावसाळ्यात यापुढे सावली मोजायची नाही. पाहुणा घास देईल तीच वेळ."

"आणि पाहुणा आलाच नाही तर?" ऐकणारा हमखास विचारतो.

"आजवर कोणी ना कोणी आलंय," अब्बा म्हणतात.

आजही गोष्ट संपली की आतून एक संन्यासिनी येते, ओट्याशी बसते, डोळे मिटते. अब्बा हळूच म्हणतात, "द्या आता. सगळ्या खोळंबल्यात."