शिदबाचा दुसरा डोस

एका गावात एक भोळा राखणदार होता. नाव शिदबा. सांगितलेलं काम तो अगदी सांगितल्यासारखंच करायचा, आणि सगळा घोटाळा तिथंच व्हायचा.

त्याचं दगडूअण्णांच्या सगुणेवर मन बसलं होतं. सगुणेलाही तो आवडायचा. का, ते तिलाच ठाऊक. अण्णा म्हणाले, "नदीकाठची माझी टरबुजाची वाडी एवढा हंगाम नीट राखून दाखव, मग पोरगी देतो." सोबतीला त्यांनी आपला कुत्रा दिला, काळू.

ते कोरोनाचं साल होतं. शाळेत लसीचं शिबिर लागलं. शिदबा रांगेत उभा राहिला. सुई टोचायला नर्स सिंधूताई होत्या.

"ताई, मला तर कोरोना होऊन गेला. मग सुई कशापायी?"

"अरे, तुझ्या अंगात राखणदार असतात. आजारपणात त्यांनी चोर बघितला. पण बघितलेलं हळूहळू पुसट होतं. लस त्यांना चोर पुन्हा दाखवते. मग खरा आला की लगेच धरतात."

"अंगात राखणदार? त्यांना जेवू कोण घालतं?"

"तूच."

त्या दिवसापासून शिदबा दोन भाकरी जास्त खाऊ लागला.

शिवाय त्याच्या मनानं घेतलं, की काळूलाही चोर दाखवला पाहिजे. गावात टरबुजं चोरणारा एकच होता, भागा. शिदबानं त्याला हाताला धरून वाडीवर आणलं. आठ दिवस रोज आणलं. भागा काळूला भाकरीचा तुकडा घालायचा, काळू त्याचा हात चाटायचा. नवव्या दिवशी भागा एकटाच आला आणि बारा टरबुजं घेऊन गेला. काळू त्याला शेपूट हलवत बांधापर्यंत पोचवून आला.

अण्णांनी कपाळाला हात लावला. सिंधूताईंच्या कानावर गेलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "वेड्या, लशीत जिवंत चोर नसतो. चोराचं नुसतं सोंग असतं."

"चुकलं माझं," शिदबा म्हणाला. "आता तसंच करतो."

त्यानं स्वतःच चोराचं सोंग घेतलं. नाकातोंडावर फडकं बांधलं, वाडीत शिरला, पत्र्याचा डबा बडवला आणि काळूला ढेकळं मारली. काळू आधी बघत राहिला, मग चिडला, मग त्यानं शिदबाला नदीपर्यंत पळवलं. शिदबा गळाभर पाण्यात उभा राहून हसत होता. सोंग लागू पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा वाडी बघायला आले. साल कोरोनाचं, त्यामुळे तोंडाला मास्क. काळूनं त्यांच्या धोतराचा सोगा फाडला. मग तलाठ्याची पिशवी फाडली. नाकतोंड झाकलेला जो दिसेल तो काळूच्या लेखी चोर.

"आता हे लग्न विसर," अण्णा म्हणाले.

सगुणेनं दोन दिवस तोंडात घास घातला नाही. शिदबालाही फार वाईट वाटलं. पण त्याच आठवड्यात भागा पुन्हा आला. पोलीस दंड करतात म्हणून या खेपेला मास्क लावून आला. काळूनं त्याला असा धरला, की सगळा गाव गोळा झाला तरी सोडेना. वाडी वाचली. अण्णांचा नाइलाज झाला. पोरगी द्यावी लागली.

लग्न पंचवीस माणसांत लागलं. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, म्हणून काळूला गोठ्यात बांधून ठेवला होता. अक्षता पडल्या, माळा घातल्या. नवरी उठली, नवरा उठेना.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"अर्धा तास बसायचं असतं. ताईंनी सांगितलंय. काही त्रास झाला तर कळतं."

सगुणाही मुकाट्यानं शेजारी बसली. अर्ध्या तासात दोघांनाही काही त्रास झाला नाही.

पुढं श्रावण आला. सगुणा नागपंचमीला माहेरी गेली. लग्नाला चौऱ्याऐंशी दिवस झाले, त्या दिवशी अण्णांच्या दारात वाजंत्री वाजू लागली. अण्णा बाहेर येऊन बघतात तर शिदबा. डोक्याला मुंडावळ्या, हातात नारळ, तोंडाला मास्क.

"जावईबापू, हे काय?"

"दुसऱ्या डोसाला आलोय. पहिला एकटा पुरत नाही, चौऱ्याऐंशी दिवसांनी दुसरा घ्यायचा, असं ताईंनीच सांगितलं. बघितलेलं पुसट होतं म्हणे. सगुणा मला विसरली तर काय करू?"

सगुणा दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी नाही हो विसरले," ती म्हणाली.

काळूही विसरला नव्हता. तो पडवीतून उठला, त्यानं मास्क बघितला आणि नवऱ्याला मागून धरला.

मुंडावळ्यांसकट शिदबाला दवाखान्यात नेलं. मागून वाजंत्रीवाले आले, कारण त्यांना कुणी थांबा म्हटलंच नव्हतं. सिंधूताईंनी जखम धुतली, सुई टोचली आणि म्हणाल्या, "कुत्रा चावल्यावर एका सुईवर भागत नाही. तीन दिवसांनी ये. मग सातव्या दिवशी, मग चौदाव्या, मग अठ्ठाविसाव्या. एकही चुकवू नकोस."

शिदबानं मान डोलावली. मग तो दाराशी उभ्या असलेल्या वाजंत्रीवाल्यांकडे वळून म्हणाला, "तारखा ध्यानात ठेवा. आणि भटजींनाही सांगा, अजून चार लग्नं आहेत."