देवस्थळींची घाई

लेखक-प्रकाशकांच्या क्रीडादिनी मंदगती सायकल शर्यत होती. जो शेवटी पोहोचेल, तो जिंकणार! प्रकाशक देवस्थळी दरवर्षी जिंकायचे. घारपुरेबाईंची कादंबरीही त्यांनी चार वर्षं "वाचतोय, वाचतोय" म्हणत दाबून ठेवली होती.

"बाई, मला हरवा, सोमवारीच छपाईला पाठवतो!" ते मिशीतल्या मिशीत हसले.

बाईंनी कादंबरीची दुसरी प्रत शेवटच्या रेषेवरच्या पंचांना चाळायला दिली. पंच होते देवस्थळींचे कट्टर प्रतिस्पर्धी, प्रकाशक कोरगावकर.

शिट्टी झाली. सायकली रांगू लागल्या. कोरगावकरांनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं आणि खिशातून पेन काढलं. देवस्थळींची चुळबुळ वाढली. शेवटी राहवेना, तेव्हा ते सुसाट सुटले आणि रेषेपलीकडे जाऊन त्यांनी प्रत हिसकावली.

मागून डुलत आलेल्या बाई म्हणाल्या, "साहेब, हीच घाई चार वर्षांपूर्वी केली असतीत, तर आज निवांत जिंकला असतात!"