अर्ध्या कापसाची रजई

एकदा एक वृद्ध पिंजारी होऊन गेला. डोंगरमाथ्यावरच्या त्याच्या गावात थंडी अशी पडे, की सकाळी रांजणातल्या पाण्याला हात लावायला जीव धजत नसे; पण या म्हाताऱ्याच्या हातची रजई ज्याच्या अंगावर, त्याला पौष-माघाची फिकीर नसे. लोक त्याला आदराने उस्ताद म्हणत. त्याची एक रीत होती. कोणी रजई सांगायला आला, की लांबीरुंदीच्या आधी तो विचारी, "पांघरणार कोण?" आणि मग त्या माणसाबद्दल इतक्या चौकश्या करी, की गिऱ्हाइकाला वाटावं, आपण रजई सांगायला आलोय की सोयरीक जमवायला.

त्याच्या हाताखाली एक शिष्य काम शिकत होता. शिष्य म्हणजे काही मिसरूड फुटलेला पोर नव्हे, चांगला संसारी गृहस्थ. कामाला वाघ, मनाने निर्मळ. खोड एवढीच, की एखादी गोष्ट चांगली म्हटली की ती जितकी जास्त तितकी उत्तम, असं त्याचं सरळसोट गणित होतं. अति तेथे माती ही म्हण त्याने ऐकली होती, पण ती इतरांसाठी आहे अशी त्याची समजूत होती.

त्या हिवाळ्यात त्याच्या आईला थंडी सोसेना. वडील गेल्यापासून त्याने तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. चुलीपाशी जाऊ देत नसे, अंगण झाडू देत नसे, बायकोलाही तशी सक्त ताकीद होती. एके काळी गल्लीतल्या निम्म्या घरांच्या गोधड्या या बाईने शिवलेल्या. पण बोटाला सुई टोचेल म्हणून त्याने तिचा सुईदोऱ्याचा डबासुद्धा उचलून फळीवर ठेवला होता. आता ती शाल लपेटून भिंतीला टेकून बसे, दोन घास खाई आणि दिवसाउजेडी कुडकुडे. आई हा हिवाळा काढत नाही, अशी धास्ती त्याने घेतली.

म्हणून त्याने स्वतःच्या हाताने तिच्यासाठी रजई केली. दुकानातला सर्वांत मऊ, पांढराशुभ्र, लांब धाग्याचा कापूस निवडला. दोन रजयांचा कापूस एका खोळीत घातला आणि काठीने ठासून ठासून बसवला. सकाळी मोठ्या आशेने त्याने विचारलं, तर आई म्हणाली, "पाय गारच राहिले रे. आणि छातीवर कोणी जातं ठेवल्यागत झालं."

शिष्य रजई खांद्यावर टाकून तडक उस्तादांकडे गेला. अजून थोडा कापूस घातला तर भागेल का, एवढंच त्याला विचारायचं होतं. उस्तादांनी रजई चाचपली आणि नेहमीचाच प्रश्न केला, "पांघरणार कोण?"

हा प्रश्न आपल्यालाही, याचं शिष्याला नवल वाटलं. आईसाठी आहे, असं त्याने सांगितलं. ती दिवसभर काय करते, असं म्हाताऱ्याने विचारलं, तेव्हा शिष्याची मान ताठ झाली. "काही नाही, उस्ताद. इकडची काडी तिकडे करू देत नाही मी तिला."

उस्तादांनी खोळीची शिवण उसवली आणि सगळा कापूस बाहेर ओढला. तो मऊ कापूस बाजूला सारून कोपऱ्यातल्या पोत्यातून त्यांनी गावरान, आखूड धाग्याचा, हाताला जरा खरखरीत लागणारा कापूस काढला. शिष्याच्या एका मुठीत हा आणि दुसऱ्या मुठीत तो देऊन दोन्ही आवळायला लावल्या. मुठी उघडल्यावर मऊ कापूस गोळा होऊन तसाच पडून राहिला. गावरान मात्र हळूहळू उठला आणि फुलून तळहाताबाहेर आला. मग उस्तादांनी तो पिंजला, आणि आधीच्या निम्म्याहून कमी खोळीत भरला.

माझी आई थंडीने काकडते आहे आणि तुम्ही कापूस कमी करता, असं शिष्य न राहवून बोलून गेला. पण खोळ तर आधीपेक्षा उंच फुगली होती. उस्तादांनी त्याचा हात तिच्या आत घातला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. हाताला ऊब आली.

"ही ऊब कोणाची?" उस्ताद म्हणाले. "कापसाची असती, तर फळीवर ठेवलेली रजईही गरम लागली असती. ऊब तुझ्या हाताची आहे. धाग्याधाग्यात मोकळी जागा आहे म्हणून ती तिथे थांबली. तू मायेने कापूस ठासलास आणि तिची जागाच बुजवून टाकलीस. म्हणून कापूस मऊ आहे का, हे बघू नये. दाबल्यावर पुन्हा उठतो का, ते बघावं." आणि पुढे म्हणाले, "रजई मी नीट केली. पण अंगातली ऊब काही मला भरून देता येत नाही. आता घेऊन जा. टाके मात्र तू घालू नकोस."

मग कोणी घालायचे, हे शिष्य विचारणार होता. पण उस्ताद दुसऱ्या कामाला लागले होते. वाटेने त्याची पावलं मंदावत गेली. चूल, अंगण, सुईदोरा, एकेक आठवू लागलं. आईच्या दिवसांत आपण कुठे म्हणून फट ठेवली नाही, हे त्याला उमगलं.

घरी येताच त्याने फळीवरचा डबा काढला, रजई आईपुढे पसरली आणि म्हणाला, "आई, मला टाके नीट जमत नाहीत. तू घालतेस?"

आईने डबा उघडला, सुई उजेडात धरून पहिल्याच खेपेला ओवली आणि कडेपासून टाके घालू लागली. शिष्य जवळ वाकून पाहत होता.

"सरक तिकडे, उजेड अडवू नकोस," ती म्हणाली. "आणि ही शाल घे बाबा. उकडतंय मला."

रजई तेव्हा अर्धीसुद्धा शिवून झाली नव्हती.