टिकल्याची शाळा

फार पूर्वी, कुत्र्यांच्या गळ्यात पट्टे यायच्याही आधी, टिकल्या नावाचं एक पिल्लू होतं. बैलगाडी दिसली की हा चाकामागे सुसाट! त्याची आई चांदी मागून हाका मारून मारून दमायची. हाकेसरशी परत यायला शिकवेल अशी शाळा शोधत ती त्याला घेऊन निघाली.

जबडेगुरुजींच्या शाळेत सगळी पिल्लं रांगेत गप्प बसली होती, शेपट्या पोटाखाली. "बघा शिस्त!" गुरुजी म्हणाले. चांदीला पटलंच होतं, तेवढ्यात रस्त्यावरून गाडी आली आणि टिकल्या सुटला.

"टिकल्याऽ!" चांदी किंचाळली.

"ए टिकल्या, गाढवा, फिर मागे!" गुरुजी दात विचकून गरजले. टिकल्या घाबरून आणखी जोरात पळाला, थेट चाकाकडे.

पलीकडे चिंचेखाली भुरीमावशीची शाळा होती. तिथे नुसता दंगा. मावशी खाली बसली, शेपटी हलवत म्हणाली, "टिकल्या, ये रे राजा!"

टिकल्या गर्रकन वळला आणि मावशीच्या अंगावरच जाऊन आदळला. चांदीने सुस्कारा सोडला. "मावशी, उद्यापासून पाठवू का?"

"जा, जा! तिथे शिस्त नाही!" असं म्हणून गुरुजी ऐटीत आपल्या रांगेकडे वळले, तर रांगेत कुणीच नाही. मावशीने हाक एकट्या टिकल्याला मारली होती, पण आली सगळीच.